अकरा मिनिटं, चाळीस सेकंद

बाबांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस शनिवार होता आणि तो आम्ही एका अत्यंत वाईट सिनेमाला दिला. म्हणजे त्यांनी पूर्ण दिला. मी मध्यंतरापर्यंत.

यात सिनेमाचा दोष नाही. वाईट सिनेमे बघणं हे बाबांचं निवृत्तीनंतरचं काम होतं. चौतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानांत जायचं, तराजू तपासायचे, खरं वजन असेल तर शिक्का मारायचा, खोटं असेल तर जप्त करायचं. असा माणूस घरी बसवला की काय होतं ते आमच्या घराने पाहिलं आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी दूध मोजायचं भांडं तपासलं, दुसऱ्या आठवड्यात दळून आणलेलं पीठ पुन्हा मोजलं आणि तिसऱ्या आठवड्यात ते आईच्या मिठाच्या चमच्याकडे बघत असताना आईने त्यांना सांगितलं, "तुम्ही जरा सिनेमाला जाऊन या."

तो सिनेमा इतका वाईट होता की बाबा उजळलेल्या चेहऱ्याने परत आले. "नायिका सतरा वेळा 'नाही!' म्हणते," ते म्हणाले. "आणि शेवटी हो म्हणते. मी मोजलं."

अशी आमच्या इमारतीच्या वार्षिक पुरस्कारांची सुरुवात झाली. वर्षातले सर्वांत वाईट सिनेमे, सर्वांत वाईट कामं. मात्र 'वाईट' हे बाबांच्या लेखी मत नव्हतं. मत काय, कोणालाही असतं, माप पाहिजे, असं ते म्हणत. त्यामुळे आमचे पुरस्कार असे असत: डोळ्यांतून एकही थेंब न काढता सर्वाधिक वेळ रडणे. पाठलाग करताना एकाच भिंतीपाशी सर्वाधिक वेळा येणे. मरायला सर्वाधिक वेळ घेणे. विजेत्याला मानचिन्ह म्हणून एक लोखंडी वजन मिळत असे. वजनही साधं नव्हे. कार्यालयाच्या भंगारातून रीतसर मागून आणलेलं, बाद झालेलं, किलोमागे अठरा-वीस ग्रॅम कमी भरणारं. विजेते अर्थातच कधी आले नाहीत. बाबा दर वर्षी त्यांना पत्रं पाठवत, दर वर्षी आमच्या बाहेरच्या खोलीत शेजारचे बारा-तेराजण जमत, चहा होई, बाबा वहीतून निकाल वाचत आणि वजनं परत पलंगाखाली जात.

वहीत चार रकाने होते. सिनेमा, बाब, माप, साक्षीदाराची सही. निरीक्षकाने केलेली नोंद एकट्याची असून चालत नाही, दुसऱ्या कोणीतरी ते माप डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं. हा सरकारी नियम त्यांनी जसाच्या तसा घरी आणला होता. साक्षीदार मी होते. आई नकार देऊन मोकळी झाली होती, "मला लग्नातच एकदा सही करायला लावलीत, तेवढी पुरे."

मी एका मोठ्या ग्रंथालयात सूची करण्याचं काम करते. जगात वाचण्यासारखं किती आहे आणि आपल्या हातून किती सुटणार आहे हे मला रोज आठ तास समोर दिसतं. असं असताना महिन्यातून दोनदा अंधारात बसून नायक किती जिने चढला ते मोजणं मला जड जाई. शिवाय मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासून. त्या शनिवारी थिएटरात आम्ही धरून सातजण होतो. बाबांच्या एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात छोटा टॉर्च, मांडीवर वही. माझ्या पिशवीत एक जाड कादंबरी. मध्यंतराचे दिवे लागले आणि मी म्हणाले, "बाबा, ऑफिसचं थोडं काम राहिलंय. निघू का मी?"

"जा की. पण या भागात तो म्हातारा मरणार बघ. लक्षणं चांगली आहेत."

"मग सांगा मला नंतर."

"सांगून माप कळत नाही," असं म्हणून ते लाह्या आणायला गेले.

ऑफिसला त्या दिवशी सुट्टी होती. मी समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले आणि कादंबरी उघडली. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आई शेजारी गेली होती आणि बाबा वही लिहीत होते. "अकरा चाळीस!" ते खुर्चीतून म्हणाले. "आजवरचा उच्चांक. सांगू?" मी म्हणाले, "उद्या सांगा, बाबा."

रविवारी सकाळी ते बूट घालायला वाकले आणि तसेच राहिले. आई स्वयंपाकघरात होती, मी आंघोळीला गेले होते. डॉक्टर म्हणाले, एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. चौदा वर्षं लोकांना मरायला लागणारा वेळ मोजणाऱ्या माणसाने स्वतः कोणाला घड्याळ काढायलाही सवड दिली नाही. संवाद तर नाहीच.

भेटायला येणारे एकच प्रश्न विचारतात, आदला दिवस कसा गेला. पहिल्याच पाहुण्यांना आई म्हणाली, "छान गेला. दोघं सिनेमाला गेले होते. ही शेवटपर्यंत बरोबर होती त्यांच्या." मी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. त्याच क्षणी "मध्यंतरापर्यंत" एवढा एक शब्द टाकला असता तर भागलं असतं. पण ट्रेवर नऊ पेले होते, सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी म्हणाले, "पाणी घ्या."

अशा गोष्टी ठेवल्या जागी राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून थिएटरच्या पायऱ्या उतरवलं होतं. चौथ्या दिवशी आम्ही दोघं हसत हसत घरी आलो होतो. आठवड्याच्या शेवटी तळमजल्यावरच्या काकू मला जवळ घेऊन म्हणाल्या, "नशीबवान गं तू, सारखं म्हणत होते ना, लेक आहे जवळ, आता काही चिंता नाही?" बाबा आयुष्यात असलं काही बोलले नसते. चिंता नाही हे त्यांनी मापून सांगितलं असतं. पण आई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि ती शर्ट तसाच हातात धरून म्हणाली, "एकटे नव्हते, एवढंच मला पुरे आहे बघ."

ते ऐकल्यापासून माझा पाय घरात ठरेना. मी पुस्तकांची कपाटं रिकामी करून पुन्हा लावली, आधी लेखकांनुसार, मग विषयांनुसार. गच्चीवर जाऊन यायचे. कारण नसताना जिना उतरायचे आणि पत्रपेटी बघून वर यायचे. आई म्हणाली, "बस की जरा." मी बसले आणि उठले.

अशात दुसऱ्या मजल्यावरचे हेडसर आले. हे निवृत्त मुख्याध्यापक. इमारतीत कोणाचं काही अडलं की ते पोचतात आणि मग ते अडलेलंच राहतं. ते उभ्यानेच म्हणाले, "पुरस्कार थांबता कामा नयेत. या वर्षी ते त्यांच्या स्मृतीला अर्पण. बाहेरच्या खोलीत नाही. सभागृहात."

"सर, बारा माणसं असतात," मी म्हणाले.

"या वर्षी दोनशे येतील. माणूस गेला की त्याची किंमत कळते."

काकूंना वेगळीच अडचण होती. "स्मृती पुरस्कार म्हणायचं आणि खाली 'सर्वांत वाईट' छापायचं? लोकांना वाटेल ह्यांनाच म्हणतायत."

यावर दीड तास चर्चा झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचं म्हणणं, वाईटाबरोबर थोडे चांगल्या सिनेमांनाही द्यावेत म्हणजे तोल राहील. काकूंचं म्हणणं, सगळ्यांनाच द्यावेत. शेवटी हेडसरांनी 'वाईट' हा शब्द कार्यक्रमातून काढून टाकला, जसे ते शाळेत असताना निबंधातून काढून टाकत. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, गेला माणूस, आता त्या वह्याही जाऊ द्या. पण ती म्हणाली, "होऊ दे. त्यांनी वर्षभर मोजलंय सगळं. वाया नको जायला."

मग हेडसरांनी वही मागितली. चष्मा लावून एकेक पान तपासलं, एके ठिकाणी बोट ठेवलं. "हे बघ. शेवटची नोंद. मरायला लागलेला वेळ, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. साक्षीदाराची सही राहिली आहे."

"राहिली असेल," मी म्हणाले.

"राहिली असेल म्हणजे? तूच होतीस ना बरोबर? नियम म्हणजे नियम. सहीशिवाय नोंद धरायची नाही असं तेच म्हणायचे." त्यांनी खिशातून पेन काढून टोपण उघडून दिलं. आई समोर बसली होती. मी सही केली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी वजनमापे निरीक्षकाच्या वहीत खोटी नोंद केली. बाबांनी याहून लहान गुन्ह्यांसाठी लोकांची दुकानं बंद केली होती.

सभागृहाच्या कार्यालयात एकच कारकून होता आणि त्याच्यासमोर दोन रंगांचे अर्ज होते. पांढरा शोकसभेचा. पिवळा करमणुकीचा.

"काय आहे तुमचं?" त्याने विचारलं.

मी समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "थोडक्यात सांगा. रडायचंय की हसायचंय?"

"दोन्ही."

"एका अर्जात दोन्ही बसत नाही. पांढऱ्यावर टाळ्या चालत नाहीत. पिवळ्यावर फोटो ठेवून दोन मिनिटं उभं राहता येत नाही."

"असं कुठे लिहिलंय?"

त्याने अर्ज उलटा करून दाखवला. लिहिलं होतं. मी वाचणारी बाई, मला छापील मजकुराचा आदर करावाच लागतो. शेवटी त्यानेच तोडगा काढला. पाच ते सहा पांढरा, साडेसहा ते आठ पिवळा. मधल्या अर्ध्या तासात सभागृह पूर्ण रिकामं करायचं, कुलूप लावायचं आणि पुन्हा उघडायचं. "तीच माणसं परत आली तरी हरकत नाही," तो उदारपणे म्हणाला. "पण बाहेर जाऊन आली पाहिजेत."

तोवर पत्रं गेली होती. बाबांचं पत्र नोटिशीसारखं असे: आपण अमुक सिनेमात मरण्यासाठी इतका वेळ घेतला असून तो वर्षातला सर्वाधिक आहे, तरी अमुक दिवशी समक्ष हजर राहून वजन घेऊन जावे. हेडसरांनी त्यावर लाल पेन चालवलं. नवं पत्र असं झालं: 'मृत्यूच्या प्रसंगातील आपल्या प्रदीर्घ कामगिरीची दखल घेऊन आपणांस स्मृती पुरस्कार प्रदान करताना आम्हांस अत्यानंद होत आहे.' मला ते न दाखवताच टपालात टाकलं, कारण मी दुःखात होते.

चौथ्या दिवशी फोन वाजला. "मी तो म्हातारा बोलतोय," पलीकडून एक जाड आवाज म्हणाला. "त्या सिनेमातला, मरणारा. मी येतोय हो! नक्की येतोय. तुम्ही पत्रात जे लिहिलंय ना, ते मी बायकोला तीनदा वाचून दाखवलं."

मी हेडसरांकडे धावले. ते म्हणाले, "बघ! चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणी येतंय. भाषेचा परिणाम."

"सर, त्यांना वाटतंय त्यांचं काम आवडलंय म्हणून बोलावलंय."

"नाही आवडलं?"

"बाबांनी मोजलंय फक्त."

"मग तू सांग. तू पाहिलंयस," हेडसर म्हणाले, आणि मी जिना उतरून पत्रपेटी बघून आले.

नटाला फोन करून खरं सांगायचं असं मी रोज ठरवत होते. तीनदा नंबर लावला. पण त्यांना काय सांगणार? तुमचं काम वाईट आहे म्हणून? मी पाहिलं नव्हतं. वाईट नाही म्हणून? तेही पाहिलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिला खोळंबा दारातच झाला. मी आणि दंतवैद्य वजनांच्या दोन पिशव्या घेऊन आलो तर पहारेकऱ्याने अडवलं. "व्यायामाचं सामान आत न्यायला बंदी आहे."

"हे व्यायामाचं नाही, हे पुरस्कार आहेत."

त्याने एक वजन उचलून पाहिलं. "कशाबद्दल?"

"वाईट सिनेमांबद्दल," मी म्हणाले. बऱ्याच दिवसांनी तो शब्द उच्चारून बरं वाटलं. त्याने विचार केला, म्हणाला, "मग आणखी लागतील," आणि सोडलं.

पांढरा कार्यक्रम पाचला सुरू झाला. दोनशे नाही, पण साठ-सत्तर माणसं होती. त्यांत तीन दुकानदार होते ज्यांची वजनं बाबांनी कधीकाळी जप्त केली होती. व्यासपीठावर बाबांचा फोटो. हेडसर बोलायला उभे राहिले. "शेवटच्या दिवशी," ते म्हणाले, "त्या अंधाऱ्या थिएटरात, शेवटच्या दृश्यापर्यंत, पित्याच्या शेजारी कोण होतं? ही कन्या!" पांढऱ्या अर्जावर टाळ्या चालत नसल्यामुळे लोकांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत आई होती. तिनेही हलवली, आणि तिच्या चेहऱ्यावर त्या दीड महिन्यात प्रथमच काहीतरी निवांत दिसलं. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. आणखी एक इंच पुढे सरकले असते तर खालीच बसले असते.

एवढ्यात मागून हुंदका आला. मोठा, घोगरा, सभागृहभर. एक उंच, पांढऱ्या मिशीचे गृहस्थ, करड्या कोटात, मधल्या वाटेवरून चालत येत होते आणि रडत होते. ते येऊन आईशेजारी बसले आणि रडतच राहिले. हेडसर बोलायचे थांबले.

"हे ह्यांना ओळखत होते का हो?" काकूंनी आईला कुजबुजत विचारलं.

"नाही गं," आई म्हणाली. "कलाकार आहेत."

सहाला सभागृह रिकामं केलं. कारकुनाने स्वतः येऊन कुलूप लावलं आणि घड्याळ लावून बसला. सगळे आवारात उभे. काही माणसं घरी निघून गेली. मध्यंतर झालं की माझे पाय आपोआप फाटकाकडे वळतात, तसे वळले होते, तेवढ्यात करडा कोट आडवा आला.

"ताई, पत्रात साक्षीदार म्हणून तुमचंच नाव होतं ना? माझं काम तुम्ही पाहिलंत?"

"माप," मी म्हणाले, "अकरा मिनिटं चाळीस सेकंद."

त्यांचे डोळे भरून आले. या वेळी खरे. "घड्याळ लावून पाहिलंत? ताई, बावीस वर्षं मी सिनेमात मरतोय. नेहमी पहिल्या दहा मिनिटांत. गोळी लागली, पडलो, कट. एकदा तर पाठमोरा मेलो. बायकोलासुद्धा ओळखू आलो नाही. या वेळी पहिल्यांदा संवाद दिले. दिग्दर्शक दोन मिनिटांत आवरा म्हणत होता. मी म्हटलं, साहेब, एवढ्या वर्षांनी मरतोय, मला सगळ्यांशी बोलून मरू द्या. हातापाया पडलो त्याच्या."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण कारकुनाने कुलूप काढलं आणि ओरडला, "पिवळा अर्ज! आत चला!"

पिवळा कार्यक्रम जोरात रंगला. लोकांनी तासभर न वाजवलेल्या टाळ्या साठवून ठेवल्या होत्या. कोरडं रडण्याचा पुरस्कार, भिंतीचा पुरस्कार. विजेते गैरहजर, वजनं काकूंच्या हाती. मग हेडसरांनी वही माझ्यापुढे केली. "ही शेवटची नोंद साक्षीदारानेच वाचावी."

बाबांच्या अक्षरात जे होतं तेच मी वाचलं. निदान तेवढं तरी खोटं वाचायचं नव्हतं. "वर्षातील सर्वांत वाईट सिनेमांपैकी क्रमांक एक. मरायला सर्वाधिक वेळ घेणारा कलाकार. अकरा मिनिटं चाळीस सेकंद."

सभागृह हसलं. म्हणजे फुटलंच. कोट घातलेले गृहस्थ तोवर पायऱ्या चढून माझ्याजवळ आले होते, हात पुढे केलेला. तो हात तसाच राहिला. मी त्यात वजन ठेवलं. ते वजनाकडे बघत होते, लोकांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडचा माईक घेतला. आवाज बारीक झाला होता.

"हसण्यासारखं होतं का?" त्यांनी विचारलं. "कोणी पाहिलाय हा सिनेमा?"

कोणीच पाहिला नव्हता. तो चार दिवसांत उतरला होता.

"साक्षीदाराने पाहिलाय!" हेडसर अभिमानाने म्हणाले.

"मग ताई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मान्य करतो. वाईट होतं?"

उरलेली पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघत होती. मला तिथून धावत सुटावंसं वाटत होतं आणि दार कुठल्या बाजूला आहे ते मी आधीच पाहून ठेवलं होतं. मी म्हणाले, "मला सांगता येणार नाही."

"का?"

"प्रात्यक्षिक!" हेडसर मध्येच गरजले. त्यांना अडचण दिसली की ते नेहमी प्रात्यक्षिक घेत. "कलाकाराने इथेच मरून दाखवावं! प्रेक्षक ठरवतील!"

टाळ्या पडल्या. पिवळा अर्ज होता, चालत होत्या. कारकुनाने कार्यक्रमपत्रिकेत हा प्रसंग नाही असं म्हणून पाहिलं, पण त्यालाही बघायचं होतं. गृहस्थांनी क्षणभर विचार केला. मग वजन खाली ठेवलं, कोट काढून त्याची घडी घातली आणि व्यासपीठाच्या मध्यावर आडवे झाले. मान वर करून म्हणाले, "माझं डोकं धरायला कोणीतरी लागतं. सिनेमात मुलगी धरते."

सगळ्यांनी अर्थातच माझ्याकडे पाहिलं. मी लाकडी फळ्यांवर बसले आणि एका अनोळखी माणसाचं डोकं मांडीवर घेतलं. ते चांगलंच जड होतं. दंतवैद्यांनी बाबांचं स्टॉपवॉच दाबलं.

मी मनापासून सांगते, काम वाईट होतं. पहिल्या मिनिटात ते खोकले, तो खोकला नाटकाच्या शेवटच्या रांगेसाठी होता आणि मी सर्वांत जवळ होते. दुसऱ्या मिनिटात त्यांनी घराला निरोप दिला, खिडक्यांना वेगळा. मग शेजाऱ्यांना माफ केलं. मग शेजाऱ्यांची माफी मागितली. त्यांचा हात वर जाई, थरथरे, पडे, लोक म्हणत, गेले, तर ते एका कोपरावर उठून म्हणत, "आणि हो..." प्रत्येक "आणि हो"ला सभागृह कोसळत होतं. एका दुकानदाराला पाणी द्यावं लागलं. चौथ्या मिनिटाला माझ्या पायाला मुंग्या आल्या. पाचव्याला मला उठावंसं वाटलं, सहाव्याला फारच वाटलं. पण मांडीवर डोकं असताना उठता येत नाही. आणि लोक हसत असताना तो माणूस थांबत नव्हता. घामाने डबडबला होता, तरी एकेक जण आठवून निरोप घेत होता, कोणालाही सोडत नव्हता. बाबा हे पूर्ण बघत बसले होते, अंधारात, हातात घड्याळ धरून, आणि शेजारची खुर्ची रिकामी.

आठव्या मिनिटाला त्यांनी डोळे मिटले आणि ओठ न हलवता पुटपुटले, "आता तुमचं. इथे मुलगी 'नाही!' म्हणते."

मी आईकडे पाहिलं.

"म्हणा ना, ताई."

"मला दुसरं बोलायचंय," मी म्हणाले.

त्यांनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांचा अनुभव होता त्यांचा. मृताने कुठे थांबायचं हे त्यांना कळत असावं. "बोला," ते हळूच म्हणाले. "अजून चार मिनिटं आहेत माझी." आणि कोणी न सांगता त्यांनी माईक माझ्या बाजूला सरकवला.

मी माईक बाजूला केला. तो नको होता. पहिल्या रांगेत आई होती, तिला ऐकू जाईल एवढा आवाज मला काढता येतो.

"बाबा," मी म्हणाले, "त्या दिवशी मला काही काम नव्हतं. मध्यंतरात मी निघून गेले. वहीतली सही खोटी आहे. मी समोरच्या बसथांब्यावर पुस्तक वाचत बसले होते. सिनेमा सुटल्यावर तुम्ही बाहेर आलात. दारावरच्या माणसाला तुम्ही हात वर करून, थरथरवून, तो म्हातारा कसा मेला ते दाखवत होतात, आणि तो घड्याळ बघत होता. मग तुम्ही त्या पायऱ्यांवर थोडा वेळ उभे राहिलात, इकडेतिकडे पाहिलंत, मी अजून असेन कदाचित म्हणून. मी पुस्तक तोंडासमोर धरलं. मला सिनेमाचा कंटाळा आला नव्हता, बाबा, तुमचा आला होता. आई, ते एकटेच होते. रस्ता ओलांडून, कोपऱ्यावरून वळून एकटेच घरी गेले. मी बघत होते."